संग्राहकाचा रकाना

मी अक्षरं शिकले ती मेलेल्या जनावरांवरनं. असं म्हटलं की माणसं दचकतात, पण खोटं कशाला सांगू? सांगलीतल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या खोलीवर मी शिपाई होते. आमचे मालक फौजेत होते, एकाहत्तरच्या लढाईवरनं ते परत आले नाहीत, आणि कुणाच्या तरी शब्दावर मला ही नोकरी लागली. शाळेचं तोंड मी बघितलेलं नव्हतं. बाई म्हणून तिथं फरशी पुसायची, बशा धुवायच्या आणि बाटल्या सांभाळायच्या, एवढंच काम.

बाटल्या म्हणजे भिंतभर कपाटं होती. आत औषधात बुडवलेले साप, बेडूक, विंचू, खेकडे. पहिले आठ दिवस मला जेवण गेलं नाही. मग सवय झाली. सवय झाल्यावर माणूस बघायला लागतं. प्रत्येक बाटलीवर एक चिठ्ठी, तिच्यावर चार ओळी छापलेल्या. मुलं मोठ्यानं वाचायची, मी बोट फिरवायची. बेडकाच्या बाटलीवर कुणी "बेडूक" म्हणालं की तेवढी तीन अक्षरं माझी झाली. विंचवानं मला अनुस्वार दिला. असं करत करत वर्षभरात छापील अक्षरं यायला लागली. हातानं लिहिलेलं मात्र कळायचं नाही.

आता गंमत ऐका. प्रत्येक चिठ्ठीवर शेवटी एक शब्द छापलेला असायचा, संग्राहक, आणि पुढं हातानं काहीतरी खरडलेलं. सापावर संग्राहक, खेकड्यावर संग्राहक, वटवाघळावरसुद्धा संग्राहक. मला वाटलं हे कुणा गड्याचं आडनाव असणार. काय माणूस असेल तो! रानात हिंडला, नदीत उतरला, वटवाघळाच्या गुहेत शिरला. मनातल्या मनात मी त्याला मिशासुद्धा काढल्या होत्या. एक दिवस न राहवून चष्मा लावणाऱ्या एका मुलीला विचारलं. हुशार पोरगी, मला मावशी म्हणायची.

"का गं, हे संग्राहक अजून हायत का? का वारलं?"

ती पोरगी हसून हसून टेबलावर आडवी झाली. मग डोळे पुसत म्हणाली, "मावशी, संग्राहक म्हणजे ज्यानं ती वस्तू शोधून आणली तो. पुढं त्याचं नाव लिहितात. कायमचं राहतं ते. आपण मेलो तरी बाटलीवर नाव राहतं."

त्या दिवसापासून तो शब्द माझ्या डोक्यात बसला. आमच्या मालकांचं नाव कुठल्या दगडावर नाही. माझं तर रेशनकार्डावरसुद्धा चुकीचं लिहिलेलं. आणि इथं एका बेडकापायी माणसाचं नाव कायमचं राहतंय! मला कुणाचा हेवा वाटत नाही सहसा. त्या बाटल्यांचा वाटला.

आमचे सर, म्हणजे खोलीचे मुख्य, त्यांना समुद्राचं वेड होतं. वेड म्हणजे वाचनातलं. कृष्णेच्या घाटावरसुद्धा ते पायरी सोडून खाली उतरायचे नाहीत, पण समुद्रातल्या पवळ्याच्या खडकांवर बोलायला लागले की तास पुरायचा नाही. एका वर्षी त्यांनी ठरवलं, संक्रांत झाली की मुलांना घेऊन कोकणात जायचं, मचवा ठरवायचा, आणि किनाऱ्यापासून लांब, जिथं कोळीसुद्धा सहसा थांबत नाहीत, त्या खडकांवरचे जीव बघायचे, मोजायचे, नमुने आणायचे. दोन मुली येणार म्हणून बरोबर एक बाई माणूस पाहिजे. स्वयंपाकही होईल. मग मी.

पाण्यात बुडी मारायला एक माणूस ठरवला होता, आरमारातनं निवृत्त झालेला. काचेचा मुखवटा आणि रबरी पंजे कॉलेजनं मागवले होते. आम्ही घाट उतरून बंदरावर पोचलो तर त्या माणसाचा निरोप आला, कावीळ झालीय, येत नाही.

तरी निघालो. तांडेल म्हातारा होता, मचवा त्याचाच. पहिल्या दिवशी मुलं खुशीत. पाण्यातनं मोठाले मासे कमानी करत आमच्या बरोबरीनं धावायचे, मुलं ओरडून मोजायची, चष्मेवाली वहीत खुणा करायची. एक कासव वर आलं, आमच्याकडं सासूसारखं बघितलं आणि खाली गेलं. सर तेवढ्यातच मचव्याच्या तळाला आडवे झाले. हातात लिंबू, डोळे मिटलेले. मी पेज केली तर तिच्या वासानंच त्यांना उमळून यायचं. तांडेल मला म्हणाला, "बाय, ह्यो तुमचो मास्तर मासळी बघूक इलो की मासळीक खाऊक घालूक?"

तिसऱ्या दिवशी ते खडक आले. वर काही नाही, नुसता पाण्याचा रंग बदलतो. निळं पाणी एकदम हिरवट होतं आणि खाली बघितलं तर बाग. खरंच सांगते, बाग. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे खडक, हरणाच्या शिंगासारखे खडक, मधनं हळदीच्या रंगाचे मासे. सगळे वाकून बघतायत आणि खाली जायला कुणी नाही. मुलं घाटावरची, कुणाला धड पोहता येईना. एकानं मुखवटा लावून तोंड पाण्यात घातलं आणि खोकत वर आला.

सर उठून बसले. तोंड पांढरंफटक. "एवढं येऊन नुसतं वरनं बघून जायचं," म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका केविलवाणा झाला की मला दया आली. हीच माझी चूक. दया आली.

"सर, मी जाऊ का?"

"तुम्ही? कुठं?"

"खाली."

आता हे सांगायला पाहिजे. माझं माहेर साताऱ्याकडचं. आमच्या मळ्यात मोठी विहीर, आणि भावांच्या आधी मी पोहायला शिकले, पाठीला वाळका भोपळा बांधून. पुढं भोपळा सुटला आणि मी तळाला जायला लागले. गावात कुणाची घागर विहिरीत पडली की मला बोलावणं यायचं. गळ टाकून घागर निघते, पण पोचे पडतात. मी आणली तर जशीच्या तशी. लग्न होऊन जतकडं गेले आणि पोहणं संपलं. तिथं पाणी यायचं टँकरनं. हंडाभर पाण्यात काय हात मारणार?

तांडेल म्हणाला, "बाय गो, ह्यो समुद्र असा, तुमची विहीर न्हय."

मी म्हटलं, "आवं मामा, पाण्याला कुठं ठावं असतंय आपुन कोण ते!"

नऊवारीचा कासोटा घट्ट मारला, पदर कमरेला गुंडाळला, हातात वजनाला दगड घेतला, मुखवटा लावला आणि गेले. पंजे नाही घातले, बेडकासारखे दिसत होते, आणि बेडूक मी बाटलीत पुष्कळ बघितलेले.

खाली दोन पुरुष पाणी असेल. विहिरीत खाली जाताना अंधार होत जातो. इथं उजेड होता, आणि सगळीकडनं कुडकुड आवाज, जसं कुणी लाह्या भाजतंय. मी तीनदा चारदा गेले. सरांनी दाखवलेल्या चित्रातलं एकेक घेऊन वर यायचं. मग एका खडकाच्या पोटाला, खालच्या अंगाला, जिथं ऊन पोचत नाही, तिथं मला एक गोळा दिसला. काळपट जांभळा, अंगावर बारीक बारीक लव, लवेच्या टोकांना पांढरे ठिपके. मी बोट लावलं. तर बघा, अंगावरची घोंगडी दोन्ही बाजूंनी सारावी तशी ती कातडी मागं सरली आणि आतनं कवडी निघाली. पिवळसर, वर तपकिरी नक्षी, आणि चमक अशी की मुखवट्यातलं माझं तोंड तिच्यात दिसावं.

कवडी जिवंत असते हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. देवीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळा बघितलेल्या. मला वाटायचं कवडी म्हणजे चिंचोक्यासारखं काहीतरी, कुठल्या तरी झाडाला लागत असेल. आणि ही माझ्या तळहातावर चालत होती.

वर आणली. सरांनी बघितली आणि त्यांची मळमळ गेली. नुसती गेली नाही, ते उभे राहिले. हातात भिंग घेऊन तासभर बघत होते. म्हणाले, अशी कवडी आपल्या किनाऱ्यावर कुणी नोंदवलेली त्यांच्या वाचनात नाही. मग सगळ्यांसमोर, मुलांसमोर, तांडेलासमोर, मोठ्यानं म्हणाले, "हिच्या बाटलीवर बाईंचं नाव लागणार! संग्राहक, आमच्या बाई!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी ओल्या लुगड्यात कुडकुडत होते. रडायला आलं, पण तोंडावर खारं पाणी होतंच, कुणाला कळलं नाही.

सांगलीत परत आल्यावर आठ दिवसांनी सर चिठ्ठ्या लिहायला बसले. मी मुद्दाम तिथंच फडकं मारत राहिले. कवडीची बाटली आली. त्यांनी नाव लिहिलं, ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली. शेवटच्या ओळीवर टाक थांबला नाही. सरळ चालला. हाताचं लिहिलेलं मला तेव्हा थोडं थोडं यायला लागलं होतं, आणि फरशी पुसताना ओल्या बोटानं मी अक्षरं गिरवायचीसुद्धा.

"सर, खालच्या वळीत कुणाचं नाव?"

"माझं. का?"

"मचव्यावर तुमी म्हणला व्हता..."

ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. लहान लेकराकडं बघून हसतात तसं हसले. "अहो बाई, ते आपलं कौतुकानं म्हणालो. विहिरीतनं घागर काढली म्हणून घागर काय काढणाराची होते? मोहीम माझी, अभ्यास माझा. तुम्ही शिपाई. तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

मी चिठ्ठी बाटलीवर चिकटवली. मीच. खळ लावून, नीट दाबून.

पुढं कॉलेजच्या वार्षिकात त्यांचा लेख आला. फोटोसकट. मचव्याच्या कडेला सर उभे, कपाळावर काचेचा मुखवटा चढवलेला. केस कोरडे ठणठणीत. खाली छापलं होतं, "स्वतः बुडी मारून मिळवलेली दुर्मिळ कवडी". छापील होतं, त्यामुळं मला वाचता आलं. अक्षरं शिकल्याचा पहिला फायदा हा. मी चष्मेवालीला गाठलं.

"वाचलंस?"

तिनं मान खाली घातली. "मावशी, माझी परीक्षा त्यांच्याकडं आहे. मला काही विचारू नका."

तिच्यावर मी रागावले नाही. सगळा राग एकाच माणसासाठी राखून ठेवला. मला राग पटकन येतो आणि पटकन जातो, असं घरचे म्हणतात. हा गेला नाही. हा मी बाटलीत घातला आणि वर बूच लावलं.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाटल्यांतलं औषध उडून जातं, ते महिन्या दोन महिन्यांनी भरावं लागतं. ते औषध आंबतं. मासा, बेडूक, सापाला त्याचं काही होत नाही, पण शंख, शिंपले, कवड्या, म्हणजे ज्याच्यात चुना आहे ते सगळं, आंबलेलं औषध हळूहळू खातं. त्यासाठी त्यात टाकणखार घालायचा. हो, तोच टाकणखार, सोनाराकडचा, पोरांचं तोंड आलं की मधात कालवून लावतात तो. सरांनी मला एकदाच सांगितलं होतं आणि मी कधी चुकले नव्हते. कुठल्या बाटलीला किती हे मला पाठ होतं. शंखशिंपल्यांच्या चाळीस बाटल्या होत्या, सगळ्या माझ्या हातावर टिकलेल्या.

मी एकोणचाळीस बाटल्यांत टाकणखार घालत राहिले.

त्या एकीत नाही. उलट बरणीच्या तळाचं, जुनं, नाकाला झोंबणारं औषध तिच्यात घातलं. दर खेपेला. कुणी म्हणेल चुकून झालं असेल. चुकून नाही. मी झाकण उघडायची, "कसं काय सर?" असं बाटलीला विचारायची, आणि भरायची. आता वय झालं, देवाधर्माचं बोलायला पाहिजे, क्षमा करावी म्हणतात. मला नाही आली करायला. त्या वर्षभरात मला सगळ्यात गोड झोप त्या भरणीच्या दिवशी लागायची.

पहिल्यांदा चमक गेली. मग नक्षी पुसट झाली. दिवाळीपर्यंत कवडी खडूसारखी झाली, आणि तिच्या अंगाचा जांभळा रंग तर कधीच उतरला होता. बाटली पहिल्याच रांगेत होती, चिठ्ठी पुढं करून. सर रोज तिथनं जायचे. चिठ्ठी बघायचे, मान हलवायचे. चिठ्ठीच्या मागं काय आहे हे एकदाही बघितलं नाही. त्यांना आपलं नाव दिसलं की पुरे.

वाईट वाटलं का? कवडीचं वाटलं. ती बिचारी खडकाच्या पोटाशी अंगावर घोंगडी घेऊन बसलेली, तिला मी वर काढली. तिच्याशी माझं भांडण नव्हतं. पण नाव चुकीचं लावून चमकत बसण्यापेक्षा खडू झालेली बरी, असं मी तिच्या वतीनं ठरवून टाकलं.

लेख कुठं तरी पोचला असणार. वर्ष फिरून संक्रांतीच्या सुमाराला मुंबईहून एक पाहुण्या बाई आल्या. वयस्कर, साधं सुती पातळ, केस पिकलेले. शंखशिंपल्यांत त्यांचा शब्द शेवटचा असं मुलं कुजबुजत होती. सरांनी कोट घातला होता. प्राचार्य आले, चहा आला, मी ट्रे धरून दाराशी उभी.

"आणा पाहू ती बाटली," सर मला म्हणाले.

मी आणली. टेबलावर ठेवली, चिठ्ठी सरांकडं आणि कवडी पाहुण्यांकडं.

पाहुण्या बाईंनी चष्मा वर केला. खाली केला. बाटली उजेडाला धरली. "हे काय आहे?" म्हणाल्या.

सर वाकले. मला त्यांची मान दिसत होती, ती आधी लाल झाली आणि मग पांढरी. मचव्याच्या तळाला होते ना, अगदी तसा रंग.

"औषधानं खाल्लं," पाहुण्या म्हणाल्या. रागानं नाही, वाईट वाटून. "ठीक आहे. शंख गेला तरी ओळख पटवता येईल. कारण ह्या जातीसारखीच दुसरी एक जात आहे, ती सगळीकडं सापडते. दोघींची कवडी वरवर सारखीच, नक्षीत बारीकसा फरक, तो आता गेला; उरला तो जिवंत अंगाच्या रंगातला. तुम्ही स्वतः काढलीत ना? अंगाचा रंग कसा होता? लव होती का? खडकाच्या वर होती की खाली?"

चष्मेवाली भिंतीला टेकून उभी होती, ती माझ्याकडं बघायला लागली. सर म्हणाले, "रंग... तसा करडा. म्हणजे पाण्यात नीटसं..." मग म्हणाले, "खडकावरच होती."

मचव्यावर तासभर भिंगानं बघितली होती त्यांनी. पण त्यांनी शंख बघितला. वर येईपर्यंत ती भ्यायली होती, अंग आत ओढून बसली होती. घोंगडी पांघरलेली तिला फक्त मी बघितली होती. काळपट जांभळी. टोकांना पांढरे ठिपके असलेली लव. खडकाच्या पोटाला, ऊन नसलेल्या अंगाला. सगळं माझ्या जिभेवर होतं.

सरांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं असेल. "बाई," ते म्हणाले, आवाज अगदी मऊ, "तुम्ही होता ना तिथं. तुम्हाला आठवत असेल. सांगा की."

मी ट्रे दुसऱ्या हातात घेतला.

"मी शिपाई, सर. मला त्यातलं काय कळतंय?"

मी एवढंच म्हणाले. जोरात नाही, नेहमीसारखं. पण मचव्यावर टाळ्या वाजवलेली दोन मुलं तिथं होती, त्यातलं एक फिसकन हसलं. पाहुण्या बाईंनी माझ्याकडं बघितलं, सरांकडं बघितलं, आणि बाटली खाली ठेवली. "मग ही नोंद धरता येणार नाही," म्हणाल्या, आणि चहा तसाच ठेवून उठल्या.

त्या गेल्यावर सरांनी नोंदवही काढली. मोठी, कापडी पुठ्ठ्याची, प्रत्येक नमुन्याला एक ओळ. नाव, ठिकाण, तारीख, संग्राहक, आणि शेवटी शेरा. कवडीच्या ओळीत शेऱ्यात लिहिलं, "नमुना नष्ट. शिपायाचा निष्काळजीपणा." प्राचार्य समोर होते, त्यांना म्हणाले, "हिच्याकडनं अंगठा घेतो, म्हणजे उद्या नाही म्हणायला नको." आणि शाईची डबी माझ्याकडं सरकवली.

"डबी नगं, सर," मी म्हटलं. "पेन द्या."

त्यांना कळेना. प्राचार्यांनी आपलं पेन पुढं केलं.

मी पदराला हात पुसले. बेडकाचा ब, विंचवाचा अनुस्वार, जिथनं जिथनं उचललं होतं तिथनं सगळं आठवलं. मग वाकून संग्राहकाच्या रकान्यापासनं सुरुवात केली, सरांच्या नावाच्या बरोबर खाली. माझं नाव, मालकांचं नाव, आडनाव. सावकाश, एकेक अक्षर गोल काढत, शेऱ्याच्या कडेपर्यंत.

"अहो, अहो बाई!" सर ओरडले. "सही शेऱ्याच्या रकान्यात करायची!"

"जागा पुरंना तिथं," मी म्हटलं आणि शाईवर फुंकर घातली. "माझं नाव लय लांब हाय."